गाडीला मागून कोण धरतं?

"मिस्त्री, गाडीत मांगं कोनीतरी बसते," उत्तम राठोड म्हणाला.

मी तेव्हा एका जीपखाली आडवा होतो. मला त्याचे फक्त बूट दिसत होते. लष्करात बावीस वर्षं ड्रायव्हर होता, निवृत्त झाला तरी बूट रोज चमकवून घालायचा. मी खालूनच विचारलं, कोण बसते, पाहुणे आले काय घरी? तो हसला नाही. बूट जागचे हलले नाहीत. तेव्हा मी बाहेर निघालो आणि हात पुसले.

दिग्रसमध्ये माझं गॅरेज आहे. लोक मला सलीम मिस्त्री म्हणतात. तीस वर्षांत लोकांनी माझ्याकडे नाना तक्रारी आणल्या. बॉनेटमध्ये उंदीर, टाकीत साखर, एकदा एअर फिल्टरमध्ये चिमणीचं घरटं. भूत मात्र पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही मीच पास केलेल्या गाडीत.

ती गाडी आधी समजून घ्या. आमच्या जिल्ह्यात अशी दुसरी मी पाहिलेली नाही. परदेशी बनावटीची वॅगन, म्हणजे कारच, पण छत मागपर्यंत सरळ गेलेलं आणि डिक्की खोलीएवढी. बुटकी, गडद निळी, टर्बो इंजिनाची. एक्सलेटरवर पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. आणि ऑल व्हील ड्राइव्ह. साध्या कारमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना जाते. हिच्यात एक लांब शाफ्ट मागेही जातो आणि मध्ये एक क्लच असतो. पुढचं चाक चिखलात घसरलं की क्लच जोडला जातो आणि मागची चाकं गाडी ढकलतात.

लांब मागच्या भागाची गाडी आमच्याकडे लोकांनी एकच पाहिलेली, शववाहिका. त्यामुळे उत्तम पहिल्या दिवशी गाडी घेऊन बाजारातून निघाला तेव्हा दोन म्हातारे रस्त्याच्या कडेला थांबले आणि त्यांनी टोपी काढून नमस्कार केला. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

उत्तमने ती हौसेपोटी घेतली हे खरं, पण फक्त हौसेपोटी नाही. त्याचा तांडा डांबरी रस्ता सोडून तीन किलोमीटर आत आहे. मधली सगळी काळी माती. पाऊस पडला की ती माती चाकाला धरते आणि सोडत नाही. अॅम्ब्युलन्स डांबरावरच थांबते. त्याची मुलगी निकिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती, दिवस जुलैमध्ये भरत होते, आणि तिचं बीपी वाढलेलं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की कळा सुरू झाल्या तर एक तासही घरी बसू नका. निकिताची आई तिच्या लहानपणीच गेली होती. अशाच पावसात, त्याच मातीच्या रस्त्यावर, बैलगाडीत. उत्तम तेव्हा सीमेवर होता. तो हे कधी बोलत नसे, पण गाडी पाहायला मला नागपूरला घेऊन गेला तेव्हा त्याने इंजिनाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. चिखलातून निघेल काय, एवढंच चार वेळा विचारलं.

मी गाडी तपासली, पास केली. पुढचे दोन टायर घासलेले होते, ते दिग्रसला आल्यावर बदलून दिले. बाकी काही करायची गरज नव्हती.

"काय होते ते नीट सांग," मी त्याला म्हणालो.

सरळ रस्त्यावर काही नाही, वळणावर होते, तो म्हणाला. गाडी वळायला लागली की मागून कोणी धरल्यासारखी जड होते. आणि आवाज येतो. कसा आवाज, विचारलं तर त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, बाई कण्हते तसा. तपासणीला नेताना निकिता मागे बसली होती, तिनेच पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर तिने गाडीचे कागद काढून वाचले. आधीचा मालक वारला होता म्हणून गाडी त्याच्या बायकोने विकली होती, आणि ट्रान्स्फरच्या कागदांना मृत्यूचा दाखला जोडलेला होता. तो कसा वारला हे दाखल्यात लिहिलेलं नसतं. तांड्याने मग ते आपल्या मनाने लिहून टाकलं: अपघातात, याच गाडीत, आणि मागे बसलेली एक बाईही गेली.

मे महिना होता. भर दुपारी आम्ही पुसदच्या बाजूला निघालो. तिकडे वळणं आहेत आणि दोन्हीकडे सागाचं जंगल. मे महिन्यात सागाला एक पान नसतं, नुसते करडे खांब. दुपारी त्या रस्त्यावर पाखरूही बोलत नाही. माझी एक पद्धत आहे. तक्रारीची गाडी मी चालवत नाही. मालकाला चालवायला लावतो आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसतो. स्टिअरिंग हातात असलं की माणूस रस्ता बघतो, गाडी ऐकत नाही.

पहिल्याच मोठ्या वळणावर ती धरली गेली. खरोखर धरली गेली, दुसरा शब्द नाही. इंजिन पुढे ओढत होतं आणि मागून काहीतरी नको म्हणत होतं. आणि माझ्या सीटच्या खालून, अगदी पायांच्या मागून, तो आवाज आला. लांब, खोल, दुखणं सोसणाऱ्या बाईचा. मी डोळे उघडले.

शेजारची सीट रिकामी होती. तिचा पट्टा बाहेर येत होता. कोणी लावायला ओढावा तसा, सावकाश, टीचभर. मग थांबला. गाडी वळणातून सरळ झाली, आवाज बंद पडला, आणि पट्टा आपल्या रिळात परत गेला.

"आलं ना ऐकू?" उत्तमने आरशातून विचारलं.

मी हो म्हणालो. पट्ट्याचं काही बोललो नाही. रीळ जुनं झालं की पट्टा सैल सुटतो, असं मी स्वतःला सांगितलं. गॅरेजमध्ये आल्यावर मी तो पट्टा पंचवीस वेळा ओढून पाहिला. प्रत्येक वेळी तो झटक्यात परत गेला, नव्यासारखा.

गाडी मी ठेवून घेतली. खाली शिरलो तर मागच्या क्लचपाशी ऑइल जळाल्याचा वास होता. क्लच तापत होता. म्हणजे तो सारखा जोडला जात होता, सरळ कोरड्या रस्त्यावरसुद्धा. का? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी याच विचारात होतो. मग समोर पुढचे दोन नवे टायर दिसले आणि मी उठलो. शेजारच्या शिंप्याची टेप मागून आणली आणि चारही चाकांचा घेर मोजला. पुढचे नवे टायर मागच्यांपेक्षा घेराने दीड इंच मोठे भरले.

आमच्या भागात सवयच आहे, दोन नवे टायर घेतले की पुढे टाकायचे. गोटे आधी पुढच्या चाकाला लागतात, स्टिअरिंग हलकं राहतं, गिऱ्हाईक खूश. साध्या गाडीत ते खपून जातं. पण इथे मोठं चाक कमी फिरणार, लहान चाक जास्त. गाडीतला कॉम्प्युटर समजणार की चाक घसरतंय, आणि क्लच जोडणार. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडणार, वळणावर सगळ्यात जास्त. मागून धरणारं भूत म्हणजे ते भांडण. कण्हणं म्हणजे क्लचचं. आणि तो असाच महिनाभर घासला असता तर जळून गेला असता. मग काळ्या मातीत ही गाडी साध्या कारसारखी रुतली असती, आत निकिता असताना.

आता खरी लाजेची गोष्ट. टायर टाकताना उत्तमने मला विचारलं होतं की चारही बदलायचे काय. आणि मी म्हणालो होतो, कायले, मागचे दोन चांगले हायेत.

मी त्याला फोन केला. सांगायचं ठरवूनच केला होता. पण माझ्या आधी तोच बोलायला लागला. त्याच्या आईने भगताला बोलावलं होतं. सगळा तांडा त्या म्हातारीला याडी म्हणतो, याडी म्हणजे आई, आणि याडीचा शब्द तिथे कोणी मोडत नाही. भगताने सांगितलं होतं की गाडीत बाई आहे, तिची वाट राहिली आहे, ती वळणावर उतरायला बघते. गाडी तांड्यावर आणा, उतारा करू.

मी ऐकत राहिलो. मग म्हणालो, बरोबर आहे, करून घ्या. मागचे दोन टायर आणि ऑइल मी बदलून ठेवतो, तेही जुनंच आहे.

बस, एवढंच. ज्या मिस्त्रीकडे पुसदपासून लोक गाड्या आणतात त्याला टायर टाकता येत नाहीत, हे सांगायला जीभ रेटली नाही. भुताने माझी अब्रू वाचवली. मी ती वाचवू दिली.

टायर बदलून मी उत्तमबरोबर त्याच वळणांवर ट्रायल घेतली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. त्या दिवशी मी पुढच्या सीटवर बसलो, तीस वर्षांत पहिल्यांदा. नंतर तांड्यावर लिंबू कापले, नारळ फोडला, मागच्या सीटला लाल कापड बांधलं. निकिता तोवर माहेरी आली होती. ती दारातून बघत होती, जवळ आली नाही. याडीने मला आपल्या हाताने लापशी वाढली आणि म्हणाली, तुमच्यामुळं लवकर कळलं. मी खाली मान घालून ती खाल्ली.

जुलैत चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी सकाळी नऊला उत्तमचा फोन आला. मागे पावसाचा आवाज आणि बायकांचा गलका. निकिताला पहाटेपासून कळा होत्या, डोळ्यापुढे अंधारी येत होती. अॅम्ब्युलन्स डांबरावर उभी होती. ट्रॅक्टर नाल्याच्या अलीकडे रुतला होता. वॅगन दारात चालू उभी होती. आणि निकिता तिच्यात बसत नव्हती. तिला आडवं व्हायचं तर मागच्याच सीटवर व्हावं लागणार, आणि मागच्या सीटवर बाई आहे, असं ती म्हणत होती. भगताने घालवली, असं बाप सांगत होता. ती परत आली असली तर, असं ती विचारत होती. याडी बाजेवरून न्या म्हणत होती. तीन किलोमीटर, त्या मातीतून, बाजेवर.

"मिस्त्री, तुमी सांगा तिले," उत्तम म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "फोन स्पीकरवर हाय. सगळे ऐकून राह्यले."

मला तो अंगणातला घोळका दिसला. याडी दिसली. लापशीचं ताट दिसलं.

"निकिता बेटा, सलीमचाचा बोलून राह्यलो," मी म्हणालो. "त्या गाडीत कधीच बाई नव्हती. चुकी माही होती. मी दोन टायर मोठे टाकले अन् दोन लहान ठेवले, म्हनून गाडी अडत होती. तुह्या बापानं मले चारही टाकू काय म्हनून इचारलं होतं, मीच नाई म्हनलो. मंग मले समजलं, तरी लाजेपायी बोललो नाई. भगतानं काई घालवलं नाई. घालवासारखं काईच नव्हतं."

नुसता पाऊस ऐकू येत होता. मग निकिताचा आवाज आला, धापा टाकत, फोनच्या अगदी जवळून.

"चाचा, तुमी त्या दिवशी मांगं बसले होते. बाबांनी सांगतलं. तुमाले काईच दिसलं नाई?"

माझ्या डोळ्यांसमोर तो पट्टा होता. टीचभर बाहेर, सावकाश. आजही आहे. चार वेगवेगळे मिस्त्री मला चार कारणं सांगतील, आणि मी चारही मान्य करीन, पण ते टायरमुळे झालं नव्हतं.

"नाई बेटा," मी म्हणालो. "मांगं कोनीच नव्हतं."

दार बंद झाल्याचा आवाज आला, आणि फोन कटला.

गाडी त्या मातीतून कुठेही न थांबता निघाली, असं मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. उत्तम आठवड्याने आला. गाडीतून उतरला नाही. काच खाली करून एवढंच म्हणाला, "म्या तुमाले चारचं इचारलं होतं, मिस्त्री." आता तो सर्व्हिसिंग यवतमाळला करतो. तांड्यातली दुसरी कोणतीही गाडी माझ्याकडे येत नाही.

तुम्ही अशी जुनी ऑल व्हील ड्राइव्ह घेणार असाल तर चारही टायर एकाच वेळी, एकाच मापाचे बदला. मिस्त्री दोन पुरतील म्हणाला तर दुसरा मिस्त्री बघा. मी त्या सकाळी फोनवर एक खरं बोललो आणि एक खोटं. खऱ्यापायी माझा अख्खा तांडा तुटला. पण ती पोरगी गाडीत बसली ती खोट्यामुळे.