पिशवीची चिठ्ठी

बारामतीच्या ज्या खासगी रुग्णालयात मी नोकरीस होतो, तेथे इंटरनेट आले ते नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी. मी इंदापूरहून रोज सकाळच्या एसटीने येत असे. रजेचे अर्ज, औषधांच्या याद्या, कपाटांच्या किल्ल्या आणि आता एक संगणक, एवढे माझे राज्य होते. मोडेम जोडून झाला तेव्हा रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी, ज्यांना आम्ही सारे साहेब म्हणत असू, मला एवढेच सांगितले होते, "सगळ्यांच्या उपयोगी पडू द्या. फक्त लाइन फार वेळ अडकवू नका." त्यांचे म्हणणे रास्त होते. फोनची लाइन एकच होती आणि इंटरनेट चालू असेपर्यंत अपघात विभागाचा फोन वाजत नसे.

त्या दोन वाक्यांपैकी दुसरे मी जपून ठेवले आणि पहिले सोयीने विसरलो. दुसऱ्याच दिवशी खोलीच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली: 'इंटरनेट. फक्त डॉक्टरांसाठी. हुकमावरून.' हुकूम कोणाचा, हे लिहिले नाही; तो माझाच होता. मला सत्तेची हाव होती असे आज म्हणालो, तर तेही स्वतःची थोरवी सांगितल्यासारखे होईल. माझ्यावाचून उघडणार नाही असे एखादे दार आपल्यापाशी असावे, इतकीच माझी क्षुद्र इच्छा होती.

सिस्टर मंडळींनी तक्रार केली नाही. हुकूम साहेबांचा असणार, असे त्यांनी गृहीत धरले. मग मीच उदार होऊन तोड काढली. सलाइनचे एक रिकामे खोके दाराबाहेर ठेवले. ज्यांना काही हवे असेल त्यांनी चिठ्ठी टाकावी, दुपारी फोन थंडावला की मी शोधून, छापून देईन. डॉक्टरांना खुर्ची आणि सिस्टरांना खोके, असा तो न्याय होता.

त्या चिठ्ठ्या आठवल्या की अजून मन भरून येते. उसाच्या फडात उभ्याने राबणाऱ्या गरोदर बाईचे पाय सुजतात, तिला बसल्या बसल्या करता येईल असा व्यायाम कोणता? वाफ देताना लहान मूल मास्कला घाबरते, इतर ठिकाणी काय युक्ती करतात? ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याला इंजेक्शन आधी कसे सांगावे? खुर्चीचा मान मिळालेले काही तरुण डॉक्टर आत येऊन क्रिकेटचा स्कोअर पाहून जात, आणि ज्यांच्यापाशी असे प्रश्न होते, त्या बाहेरच्या बाहेर खोक्यात कागद टाकून वॉर्डात परतत. हा विरोधाभास मला तेव्हाही दिसत होता. दिसत नव्हता अशी सबब मी सांगणार नाही.

एकदा एका नव्या सिस्टरने चिठ्ठीत आजाराच्या इंग्रजी नावाचे स्पेलिंग चुकवले. मी त्याभोवती लाल शाईने गोल केला, शेजारी शुद्ध रूप लिहिले आणि चिठ्ठी उत्तरासह परत पाठवली. हे शिकवणे आहे, असे मला वाटले होते. त्यानंतर सगळ्या चिठ्ठ्या मराठीत येऊ लागल्या. मातृभाषेची गोडी, असे मी मनाशी म्हटले.

पुरुषांचा वॉर्ड ज्यांच्याकडे होता, त्या मोठ्या सिस्टर मूळच्या कळंबच्या. त्यांच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरे होती, आणि आजारी मेंढरू कळपातून अलगद वेगळे काढावे तशी त्यांची नजर वॉर्डभर फिरे. मला त्या भाऊसाहेब म्हणत. आमच्याकडे तलाठ्यालाही भाऊसाहेब म्हणतात. त्यांच्या तोंडी त्या शब्दात आदर किती आणि चिमटा किती, हे मला कधी नेमके कळले नाही.

त्यांच्या वॉर्डात वडगाव निंबाळकरचे एक वयस्क शेतकरी दाखल झाले. सारेजण त्यांना आबा म्हणत. पुण्यात त्यांच्या आतड्याचे ऑपरेशन झाले होते, आणि पोटावर केलेल्या नव्या वाटेने मल बाहेर येऊन एका चिकटवलेल्या पिशवीत साठत असे. पिशवीभोवतीची कातडी सोलवटली म्हणून त्यांना आमच्याकडे आणले होते. पण खरे संकट निराळेच होते. आबांनी अन्न सोडले होते. दिवसाकाठी दोन घोट चहा, बस्स.

मोठ्या सिस्टरांनी पुष्कळ विनवले तेव्हा त्यांनी कारण सांगितले, "जेवलं की ती भरतीया. भरली की वास. सून वाईट न्हाय माझी. कायबी बोलत न्हाय. नुसती उठून खिडकी उघडती. त्यापरीस न जेवलेलं बरं."

आमच्या तेथे कोणत्याही सिस्टरने असा रुग्ण यापूर्वी सांभाळला नव्हता. डॉक्टरांनी मलम आणि सलाइन लिहून दिले. पण माणसाला पुन्हा ताटावर कसे बसवायचे, ते केसपेपरवर लिहिण्याजोगे औषध नव्हते. म्हणून मोठ्या सिस्टरांनी खोक्यात चिठ्ठी टाकली: 'पिशवीचे ऑपरेशन. नंतरची काळजी, आहार, कपडे कोणते घालावेत. घरच्यांनी कसे वागावे. अर्जंट.'

पहिल्या दिवशी लाइन लागली नाही. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चिठ्ठी उघडली आणि वाचताच संकोचलो. आमच्या भागात 'पिशवी' म्हटले की बाईची गर्भपिशवी. पिशवी खाली सरकली, पिशवी काढली, हे शब्द मी लहानपणापासून बायकांच्या दबक्या बोलण्यात ऐकलेले. मी तेव्हा अविवाहित होतो. चिठ्ठी पुरुषांच्या वॉर्डातली आहे हेही त्या संकोचात ध्यानात आले नाही, आणि ती टाकणारीला एक प्रश्न विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. गर्भाशय काढल्यानंतर घ्यावयाच्या काळजीची पाच पाने छापली, लिफाफ्यात घातली, लिफाफा चिकटवला आणि स्वतःच्या सभ्यतेवर खूश होऊन वॉर्डात पाठवून दिला.

अर्ध्या तासात मोठ्या सिस्टर दारात उभ्या राहिल्या. मागे दोन तरुण सिस्टर तोंडावर हात धरून हसत होत्या.

"भाऊसाहेब, हे कुणाच्या चिठ्ठीचं?"

"आपल्याच."

"असं व्हय! आमच्या आबांची गर्भाची पिशवी काढली, हे पुण्याच्या डॉक्टरांना तरी म्हाईत हाय का?"

"बारसं कधी हाय, तेबी छापून द्या," मागून एकजण म्हणाली, आणि दोघी भिंतीला टेकून हसू लागल्या.

मीही हसण्याचा प्रयत्न केला. मोठ्या सिस्टर मात्र हसत नव्हत्या. "तीन दिवस झालं," त्या म्हणाल्या. "ते माणूस उपाशी हाय, आन् मी तुमच्या खोक्याकडं बघत बसले."

मी चुकीचे खापर चिठ्ठीवर फोडले. "आपण आजाराचे इंग्रजी नाव का नाही लिहिले? मग असे झाले नसते."

उत्तर मागच्या तरुण सिस्टरने दिले, आता न हसता. "मागं माझ्या चिठ्ठीवर तुमी लाल गोल केला होता. समद्या वॉर्डानं बघितला. तवापासनं आमी इंग्रजी लिहीत न्हाय."

काही वाक्ये कानातून आत शिरायला वेळ घेतात. हे लगेच शिरले. मी उठलो, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणालो, "सिस्टर, आपणच बसा."

"आन् पाटी?"

"बसा."

मोडेमने आपला तो किंचाळत, खरखरत फोन लावला. मोठ्या सिस्टरांनी माउसवर हात ठेवला तो नाडी पाहताना ठेवावा तसा, हलका. कोलोस्टॉमी हे आबांच्या ऑपरेशनचे नाव त्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केले. मध्ये एक अक्षर राहिले. माझा हात नकळत पुढे झाला आणि मी तो मागे घेतला. पान उघडले नाही. त्यांनी पुन्हा पाहिले, स्वतःच चूक सुधारली.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात मी जे पाहिले त्याने माझे सारे खोकेच मोडीत निघाले. मी 'काळजी' म्हणून पहिले पान छापून थांबलो असतो. त्या थांबल्या नाहीत. पिशवी कातडीला जिने चिकटते त्या चकतीचे भोक मोठे कापले गेले की उघड्या कातडीला मल लागतो, हे वाचताच त्यांनी जिभेने 'च्' केले; आबांचे तेच झाले होते. नेमके माप घ्यायला जुन्या एक्स-रे फिल्मचा साचा कापता येईल, हे त्यांना तिथल्या तिथे सुचले. न जेवल्याने पोटात वायू उलट जास्त धरतो, थोडे थोडे आणि ठरल्या वेळी खावे, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, हे त्यांनी हाताच्या तळव्यावर लिहून घेतले. इंग्रजी अडले की त्या मला विचारत आणि मी सांगत असे. त्यात कमीपणा कोणालाच नव्हता. तो मीच एके काळी लाल शाईने निर्माण केला होता.

मग त्यांनी एक असे पान उघडले, जे मी निरुपयोगी म्हणून बंद केले असते. पोटावर पिशवी असलेली माणसे तेथे एकमेकांना पत्रे लिहीत होती. एका परदेशी गोपालकाचे पत्र होते. लोकांत जायचे असले की तोही आधी दिवसभर उपाशी राहत असे.

तेवढ्यात साहेब आत आले. "फोन लागत नाहीये म्हणून म्हटलं…" त्यांनी खुर्चीकडे पाहिले. "सिस्टर, आबांचं बघताय? सापडलं काही? मलाही एक प्रत काढा. आपल्याला कुणालाच यातलं फारसं येत नाही." परत जाताना त्यांची नजर दारावर गेली. "हे कुणी लावलंय?"

मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "जुनं आहे, साहेब. काढतो."

जुने! आठ महिन्यांपूर्वीचे, माझ्याच हस्ताक्षरातले. साहेब निघून गेले. सिस्टरांना सारे काही समजले होते. त्यांनी मला उघडे पाडले असते तर सोसणे सोपे गेले असते.

पाटी काढून मी वॉर्डात गेलो. त्या एक्स-रे फिल्म कापत होत्या. मी म्हणालो, "सिस्टर, हुकूम साहेबांचा नव्हता. मीच… मला क्षमा करा."

कात्री चालूच होती. "माझी कशाला मागताय? उपाशी मी हाय व्हय? पलीकडं हायती बघा, तितं मागा. आन् जाताना ते गाईवाल्याचं छापलेलं पत्र घिऊन जा. मला एवढं भराभर वाचता येत न्हाय."

आबा कुशीवर पडून होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"आबा, माझ्या चुकीमुळे आपले तीन दिवस…"

"त्योच का तू? माझी पिशवी काढणारा?" त्यांनी डोळे किलकिले केले. "मंग काय झालं रं, पोरगा का पोरगी?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला येईपर्यंत हसला. मी मात्र खाली बसलो आणि जे घडले ते सगळे सांगितले: पाटी, खोके, लाल गोल. त्यांनी ते ऐकून घेतले. मग मी पत्र मराठीत करून वाचू लागलो. ऑपरेशननंतर तो गोपालक वर्षभर गोठ्यात गेला नव्हता. आता दोन्ही वेळा धार काढतो, असे त्याने लिहिले होते.

"गाई किती हायती त्येच्याकडं?"

"चाळीस म्हणतो."

"जर्सी का देशी?"

"ते लिहिलेले नाही, आबा."

"आन् सून?"

"तेही नाही."

"मंग लिव्हलंय काय? इचार की त्येला. इचारता येतं न्हवं त्या डब्यातनं?"

"येते. उद्या दुपारी पत्र पाठवू. सिस्टर स्वतः पाठवतील."

मोठ्या सिस्टर साचा घेऊन आल्या. आबांचा सदरा बाजूला करून त्यांनी कातडी साध्या पाण्याने पुसली, टिपून कोरडी केली, माप पाहिले आणि नवी चकती बसवली. पहिल्यांदाच तिच्या कडेला उघडी कातडी दिसत नव्हती. आबा छताकडे पाहत होते. ते म्हणाले, "बाई, त्या गाईवाल्यानं उलट इचारलं, तुमी जेवताय का म्हून, तर काय कळवायचं?"

"खरं असंल तेच कळवायचं, आबा. खोटं कशाला?"

"व्हय. परदेशी माणूस. त्येला खोटं नगं."

ते कोपरावर टेकून उठू लागले. मी आधार दिला. सिस्टरांनी कुणाला तरी हाक मारून डब्याची चौकशी केली. डब्यात अर्धी ज्वारीची भाकरी आणि दूध होते. त्यांनी भाकरी दुधात कुस्करली आणि वाटी आबांच्या हाती दिली. आबांनी पहिला घास तोंडाजवळ नेला, थांबले, पोटावरच्या पिशवीकडे एकदा पाहिले आणि घास घेतला. दुसरा घेतला.

"भाऊसाहेब, नुसतं बघत काय बसलाय?" सिस्टर म्हणाल्या. "वाटी धरा. एक हात टेकलेला हाय त्यांचा."

मी वाटी धरली. आबा सावकाश खात होते आणि प्रत्येक घासानंतर वाटी त्यांच्या अधिक जवळ न्यावी लागत होती, कारण तळाशी उरलेले दूधही त्यांना हवे होते.