तोट्याचा रकाना

कंपनी जितकी लहान, तितके किस्से जास्त. मोठ्या कंपनीत घोळ घालायला एक खातं असतं आणि निस्तरायला दुसरं. आमच्याकडे दोन्ही कामं आम्ही तिघंच करायचो, त्यामुळे एकही किस्सा वाया गेला नाही. आजही नितीन भेटला की चहा यायच्या आत सुरुवात होते.

आधी ओळख करून देते. अण्णा आमचे मालक. मूळचे निपाणीचे, बँकेतली पक्की नोकरी सोडून बेंगळुरूच्या जयनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर कंपनी थाटून बसलेले. नितीन नागपूरचा, मी पुण्याची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लोकांना म्युच्युअल फंड वगैरे विकणाऱ्या सल्लागारांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. माणसानं किती पैसे गुंतवले, आज त्याचे किती झाले, फायदा की तोटा, सगळं एका कागदावर. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, उगादीपर्यंतची, म्हणजे पाडव्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर एकानंही पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलं नाही, तर कंपनी बंद आणि अण्णा हुबळीला मेव्हण्याच्या कारखान्यात हिशेबनीस.

*

घरमालक खाली राहायचे. एकदा त्यांनी विचारलं, तुम्ही वर नक्की करता काय? अण्णांनी त्यांना बसवून सगळं समजावलं. गुंतवणूक काय, सल्लागार काय, कॉम्प्युटर त्यात काय करतो. घरमालक मान डोलावत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सरी, सरी, समजलं. टायपिंग इन्स्टिट्यूट."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपल्या भाचीला वर पाठवलं, शॉर्टहँडही शिकवा म्हणून.

*

बहुतेक सल्लागारांकडे कॉम्प्युटरच नव्हता. मग सॉफ्टवेअर दाखवायचं कशावर? आम्ही आमचाच कॉम्प्युटर रिक्षात घालून न्यायचो. नितीनच्या मांडीवर मॉनिटर, माझ्या मांडीवर प्रिंटर, अण्णा ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर. एका रिक्षावाल्याला वाटलं टीव्ही आहे. तो प्रत्येक खड्ड्याला थांबून मागे वळून बघायचा आणि मॉनिटर शाबूत आहे ना याची खात्री करायचा.

नितीन वैतागून म्हणाला, "अण्णा, खाली मी पण आहो. माझ्याकडे पण पाहायला सांगा त्याले."

*

पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका सल्लागारानं मात्र स्वतःचा कॉम्प्युटर घेतला होता आणि आमचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरून बघायला तो तयार झाला. त्याची गिऱ्हाइकं सगळी छोटे कारखानदार. खंडेनवमीच्या आयुधपूजेला ते लेथ मशीन पूजतात, तसा यानं कॉम्प्युटर पूजला. हळदकुंकू, फुलं, लिंबू, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी फोन आला, मशीन फ्लॉपी घेत नाही.

नितीन गेला आणि उघडून बघतो तर फ्लॉपीच्या फटीत अक्षता आणि कुंकू गच्च भरलेलं. सल्लागार काळजीनं विचारतोय काय झालं, आणि हा शांतपणे ब्रशनं तांदूळ काढतोय.

"पोट भरलंय न त्याचं," नितीन म्हणाला, "फ्लॉपी कशी खाईन?"

तो महिना संपला आणि सल्लागारानं हात जोडले. म्हणाला, मशीन पुजायला बरं आहे, कामाला माझी डायरीच बरी.

*

मग आले जयनगरचे एक बडे सल्लागार. शेकड्यानं गिऱ्हाइकं. त्यांना सगळं पसंत पडलं. अण्णांचा चेहरा असा खुलला होता की मलाच भीती वाटायला लागली. तेव्हा बाजार पडलेला होता आणि लोकांचे दहा रुपयांना घेतलेले फंडाचे युनिट सात-आठवर आले होते. साहेब म्हणाले, एकच बदल करा. फायदा असेल तिथे छापा, तोटा असेल तिथे जागा रिकामी सोडा.

अण्णा म्हणाले, "साहेब, रिकामी जागा छापायला कॉम्प्युटर कशाला? कोरा कागद घ्या की."

झालं. त्या घरात आम्हाला कॉफीसुद्धा मिळाली नाही. परतताना मला अण्णांचा भयंकर राग आला होता. उगादी तोंडावर आलेली आणि यांचा ताठा जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोडगा काढला. कीबोर्डवरचं एफ-नाइन दाबलं की तोट्याचा रकाना गायब. ज्याला हवं त्यानं दाबावं, आपल्याला काय? अण्णांनी नीट ऐकून घेतलं.

"करा की," ते म्हणाले. "फक्त एफ-नाइन दाबलं की कागदावर मोठ्या अक्षरात आलं पाहिजे, की इथं काहीतरी लपवलंय."

ते बटण अर्थातच झालं नाही. साहेबांचा नकार कळल्यापासून वहिनी रोज सकाळी विचारायच्या, "आज कुणाकडून नाही म्हणून घ्यायला जाणार?" अण्णा तितक्याच शांतपणे पत्ता सांगायचे.

*

शेवटचा पत्ता के. आर. पुरमचा होता. जयाक्का. मराठी घराणं, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठीत अर्धं कन्नड. नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि अक्का आसपासच्या बायकांना पोस्टाच्या योजना, म्युच्युअल फंड विकायच्या. आम्ही त्यांच्या ओसरीत कॉम्प्युटर मांडला. अक्का म्हणाल्या, पटलं तर मीही कॉम्प्युटर घेईन, पण खोटी नावं नकोत, माझ्या बायकांची घाला. पहिला कागद शेजारच्या सरोजम्मांचा निघाला. तोटा. दुसराही तसाच.

अक्कांनी दोन्ही कागद बराच वेळ वाचले. अण्णा वायरी गुंडाळायला लागले.

"थांबा स्वल्प," अक्का म्हणाल्या. "हे सगळ्यांचं निघतंय?"

"निघतंय की."

"काढा मग."

प्रिंटर करकरत राहिला. अक्कांनी गठ्ठा उचलला, चपला घातल्या, छत्री घेतली. "डिकॉक्शन करून ठेवलंय, कॉफी घ्या," एवढं बोलून उन्हात निघून गेल्या.

आम्ही परक्या घरात बसून राहिलो. नवरा पेपर वाचत होता. नितीन माझ्या कानात म्हणाला, "पोलीस आणाले त नाही गेली न?" उद्या वहिनींना काय सांगायचं, हे अण्णांच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

अक्का उन्हं कलल्यावर आल्या, घामाघूम. चपला काढता काढता म्हणाल्या, "सरोजम्मा रडली. एकीनं दार लावून घेतलं. बाकीच्यांनी बसवून घेतलं, म्हणाल्या, पुढच्या महिन्यात पण कागद आण."

मग त्या कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या. मॉनिटर त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून होता. दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो फिरवला आणि समोरच्या बाकाकडे केला, जिथं येणाऱ्या बायका बसायच्या.

नितीन म्हणाला, "अक्का, असं ठेवलं त तुम्हालेच दिसणार नाही."

"मी बाकावर बसंन," अक्का म्हणाल्या. "त्यांच्या शेजारी."

त्यांनी कपाटातून चेकबुक आणलं, पेन उघडलं आणि अण्णांना विचारलं, "कुणाच्या नावानं लिहू?"

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांना कंपनीचं नावच आठवेना.