सर, सरला!

धारवाडच्या कॉलेजात मी रोबोटचं कंट्रोल शिकत होते. यंत्राच्या हाताला ढकललं, तर त्यानं अदबीनं बाजूला व्हावं आणि पुन्हा जागेवर यावं, असा प्रोग्रॅम लिहायचा होता. पण तो मेला भिंतीसारखा ताठ! मोटरचा जोर कमी केला, की लुळाच पडायचा. एका दुपारी वैतागून ढकलला, तर काय, अलगद सरकला आणि न डुलता परत आला! मी आनंदानं किंचाळले, "सर, सरला! सरला!"

आमचे सर पक्के कानडी, मराठी येत नसलेले. धावत आले, चौफेर बघितलं आणि म्हणाले, "सरला यारु?" म्हणजे, कोण ही सरला?

हसू दाबत मी यंत्राकडे बोट दाखवलं. सरांनी गंभीरपणे यंत्राशी हात मिळवला.

सरला अदबीनं सरली.