नऊ नग

माझा धाकटा भाऊ काचेचं सामान बांधतो. प्रयोगशाळेतल्या नळ्या, बरण्या, आरसे, दिव्यांची झाकणं, जे जे पडलं की फुटतं ते सगळं त्याच्याकडे येतं आणि खोक्यात बसून गावोगाव जातं. एकवीस वर्षांत त्याच्या हातचा एकच आरसा फुटला, आणि तोही ट्रकवाल्यामुळे, हे तो कुणी न विचारता सांगतो. खोकं बांधून झालं की तो ते उचलून हलवतो आणि कान लावतो. आवाज आला तर आतला माल हलतोय, पुन्हा बांधायचं. नाही आला तर वर आकडा टाकायचा आणि यादीत लिहायचं. कारखान्यात अशा बांधलेल्या खोक्याला नग म्हणतात. घरात आम्ही भावाला नगोजीराव म्हणतो, अर्थात त्याच्या पाठीमागे.

कामावरचं काम कामावर ठेवून घरी येणाऱ्यांपैकी हा नाही. मुलगी झाली तेव्हा नर्सने बाळ त्याच्या हातात दिलं. त्याने एक हात खाली आणि एक हात बाजूला असं ते धरलं आणि गंभीरपणे विचारलं, "वरची बाजू हीच ना?" ती नर्स अजून हा किस्सा ओळखीपाळखीत सांगत असते. ती मुलगी आता अडीच वर्षांची आहे. तिला सगळे चिमणी म्हणतात, आणि कान लावला की आतून आवाज येऊ नये, ही वडिलांची अट तिने एक दिवसही पाळलेली नाही. तिच्या पाठीवर सात महिन्यांपूर्वी गोट्या झाला.

मुलांची आई, म्हणजे आमची भावजय, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ज्यांची शीर सापडत नाही असे म्हातारे मुद्दाम तिच्याकडे पाठवत, इतका तिचा हात हलका. चिमणीच्या वेळी ती घरी बसली ती "सहा महिन्यांत येतेच" असं सांगून. त्या सहा महिन्यांची तीन वर्षं कशी झाली, हे दोन लेकरांच्या आईला विचारू नये. मग आमच्याच गावच्या रुग्णालयात एक जागा निघाली. मुलाखत मात्र मोठ्या शहरातल्या मुख्य रुग्णालयात होती, मध्ये गाडी बदलून जायचं, आणि सकाळी अकराला हजर राहायचं. उशिरा येणाऱ्यांचा विचार होणार नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं.

पत्र घेऊन ती आधी माझ्याकडे आली. "ताई, तिथे सुई टोचून दाखवायला लावतात म्हणे," ती म्हणाली. "तीन वर्षं मी दुपट्यांच्या घड्या घालतेय. हात विसरला असेल तर?"

तिला ही नोकरी किती हवी होती ते तिच्या हातातल्या पत्रावरून दिसत होतं. इतक्या वेळा उघडून ते घड्यांवर फाटायला आलं होतं.

गोट्या अंगावर पिणारा, चिमणी आईचा पदर न सोडणारी, त्यामुळे एकटीने जाण्याचा प्रश्नच नव्हता. भावाने तिला सांगितलं, "तू फक्त मुलाखतीचं बघ. बाकी सगळं मी नेतो."

त्याने शब्द पाळला. बाकी सगळं खरंच नेलं.

आदल्या दिवशी त्याने सामान बांधलं. एका दिवसाच्या प्रवासासाठी पाच पिशव्या, प्रत्येकीला आकडा, प्रत्येकीला दोरी. सहावा नग बाबागाडी. मग यादीत पुढे लिहिलं होतं: सात, गोट्या. आठ, चिमणी. नऊ, ताई. मला आकड्याची चिठ्ठी चिकटवायची त्याची हिंमत झाली नाही, पण यादीतून मी सुटले नाही. भावजयीच्या प्रमाणपत्रांची फाइल कुठे आहे असं मी विचारलं, तर म्हणाला, "तीन नंबरमध्ये. अगदी मधोमध. मोलाची वस्तू नेहमी मध्ये ठेवायची, भोवती मऊ माल." मऊ माल म्हणजे गोट्याचे सगळे कपडे.

पहाटेची गाडी आम्ही वेळेवर पकडली. पहिल्या दोन तासांत चिमणीने समोरच्या बाईंना त्यांचं पोट मोठं का आहे असं विचारलं, एक बूट काढून दुसऱ्या बाकावरच्या माणसाला भेट दिला आणि परत मागताना रडली. गोट्या दोनदा ओला झाला. भावजय खिडकीला टेकून ओठ हलवत होती. काहीतरी पाठ करत असावी.

गाडी बदलायचं स्टेशन आलं. मधे दहा मिनिटं होती. आम्ही फलाटावर उतरलो, समोरच्या गाडीत चढलो, आणि नगोजीरावांनी मोजणी सुरू केली. मोजणी चालू असताना त्याच्याशी बोललेलं त्याला चालत नाही. "एक, दोन, तीन, चार, पाच. बाबागाडी सहा."

"बाबा, आई," चिमणी म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस, मोजणी चुकते. गोट्या सात, तू आठ, ताई नऊ. नऊच्या नऊ." त्याने यादीवर खूण केली, आणि गाडी हलली.

"आई तिकडे," चिमणीने बोट दाखवलं.

मी वळून पाहिलं. आमची भावजय फलाटावरच्या नळाशी उभी राहून चिमणीची दुधाची बाटली धूत होती. तिने मान वर केली, आम्ही तिच्याकडे पाहिलं, तिने आमच्याकडे पाहिलं. मला शपथेवर सांगता येईल, ती धावलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने यादी काढली आणि पुन्हा वाचली, जणू चूक तिथे सापडेल. चूक सापडलीही. यादीत बायको नव्हतीच. ती सामान कुठे होती? "साखळी ओढू का?" तो म्हणाला. तोवर फलाट संपला होता आणि साखळीखाली गोट्याला पोटाशी धरून मी बसले होते. गोट्याला भूक लागली होती आणि त्याचं जेवण मागे राहिलं होतं. त्याने डबा डोक्यावर घेतला. मी भावाला त्या अर्ध्या तासात जे बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या आईने लहानपणी मला तेवढ्यासाठी फटके दिले असते.

मग माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. "ताई, मी बोलतेय. चहावाल्या आजींचा फोन आहे." तिचा स्वतःचा फोन नग चारमध्ये होता. माझा नंबर तिला पाठ होता, कारण मुलांचं काही दुखलंखुपलं की पहिला फोन मलाच येतो. "पुढची गाडी आहे. पावणेअकराला पोचते. तुम्ही थेट रुग्णालयात जा, फाइल काढून दारात उभ्या राहा. गोट्याला दोन नंबरच्या पिशवीत डब्यातलं दूध आहे, वाटी-चमच्याने पाजा." आवाज शांत होता, इतका की मलाच भीती वाटली.

रुग्णालयाच्या लांबलचक ओसरीत आम्ही साडेनऊला पोचलो. भाऊ नग तीन घेऊन बसला. आता आपल्या माणसाची बांधणी कळली. दोरीला सात गाठी, आणि प्रत्येक गाठ ट्रकच्या चार दिवसांच्या प्रवासाला पुरेल अशी. "कात्री दे," मी म्हटलं.

"मुलं बरोबर असताना कात्री कोण आणतं?" तो म्हणाला. आपली अक्कल त्याने नेमकी तेवढ्यापुरती वापरली होती.

नखांनी, दातांनी आणि चिमणीच्या सल्ल्यांनी त्याने तासाभरात सात गाठी सोडवल्या. ओसरीवर झबली, टोपरी, लंगोट यांचा बाजार मांडला गेला. येणारे-जाणारे पेशंट थांबून बघत होते. मधोमधून फाइल निघाली, एकही कोपरा न दुमडलेली. त्याने ती छातीशी धरली आणि दाराकडे बघत उभा राहिला. घड्याळात दहा बावन्न झाले. त्रेपन्न. त्याचे ओठ हलत होते. नेहमीसारखे आकडे नव्हते ते.

अकराला चार मिनिटं असताना ती आली. एका बाहीला पाणी, हातात दुधाची बाटली. तो काही बोलायच्या आत तिने फाइल घेतली, बाटली त्याच्या हातात दिली आणि आत गेली.

तास झाला, सव्वा तास झाला. गोट्या माझ्या खांद्यावर झोपला. मग ती बाहेर आली आणि ओसरीवरची उरलेली टोपरी गोळा करू लागली. "अगं, झालं काय?" मी विचारलं.

"पहिल्या तारखेपासून या म्हणाले."

तिथल्या एका कारकुनाचा हात पुढे केला होता म्हणे, शीर शोधायला. तिला पहिल्याच टोचणीत सापडली. "सकाळी गाडीत माझे हात थरथरत होते, ताई," ती मला हळूच म्हणाली. "मग तुम्ही सगळे गेलात. आजींनी चहा दिला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी चहा गरम असताना संपवला. माझ्या हातात काही नव्हतं, मांडीवर कुणी नव्हतं. तासभर नुसती बसले. थरथर कधी थांबली कळलंच नाही."

हे भावाला सांगू नका, असं ती म्हणाली होती. मी अर्थातच सांगितलं. त्याला आधी दिलासा वाटला, मग वाईट वाटलं, आणि ते मला योग्य वाटलं.

परतीच्या गाडीत गोट्या पिऊन तिच्या मांडीवर झोपला, चिमणी माझ्या अंगावर कलंडली. भाऊ खुणा केलेल्या यादीकडे बघत होता. तिने विचारलं, "मला का नाही मोजलंस?" रागावून विचारलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

त्याने यादीची घडी घातली. मग म्हणाला, "आपण आतला माल मोजतो. खोकं कोण मोजतं? ते असतंच ना."

मी खिडकीबाहेर बघू लागले. बायकोला खोकं म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला सांगता येणार नाही.

तीही थोडी हसली. "पहिल्या तारखेपासून आठ ते चार खोकं नसणार," ती म्हणाली.

हे आधीच ठरलेलं होतं. त्याने दुपारची पाळी मागून घेतली होती. सकाळी मुलं त्याच्याकडे, दुपारी माझ्याकडे. पण ठरवणं वेगळं आणि कळणं वेगळं. ते त्याला आत्ता, त्या बाकावर बसून कळलं.

"मग एवढा वेळ माल कशात ठेवायचा?" त्याने विचारलं. चेष्टा नव्हती ती. त्याला खरंच भीती वाटली होती.

तिने झोपलेला गोट्या उचलला आणि त्याच्या मांडीवर दिला. "वरची बाजू हीच," ती म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले.

त्याने एक हात खाली, एक हात बाजूला असं गोट्याला धरलं. गाडी बदलायचं स्टेशन येईपर्यंत तो हलला नाही. उतरताना त्याने मोजायला सुरुवात केली ती तिच्यापासून.