बिनभाड्याची जागा

माझी लेक ज्या पेल्यातून पाणी प्यायली होती, तो पेला मास्तरांच्या बायकोनं चिमट्यात धरला आणि निखाऱ्यात टाकला.

पितळी पेला. सकाळी त्याच बाईनं तो माझ्या भागूच्या हातात दिला होता, वर गुळाचा खडाही दिला होता. "पी गं बाळ, दमली असशील." आता तीच बाई पदर नाकाला लावून परसातल्या पाणी तापवायच्या चुलीपुढं बसली होती आणि निखारे पेल्यावर ओढत होती. पेला आधी काळा पडला, मग लाल दिसायला लागला. भागू पाच वर्षांची. तिला वाटलं, काहीतरी गंमत चालली आहे. ती मोठ्यानं म्हणाली, "आये, पेला भाजत्यात व्हय?"

कोणी हसलं नाही. मग गोमूत्र आलं. पडवीवर शिंपडलं, दाराच्या कडीवर शिंपडलं. थेंब भागूच्या तोंडावर उडाले, ते तिनं हातानं पुसले.

लोक सांगतात, अशा वेळी राग येतो. मला आधी राग आला नाही. आधी लाज वाटली. मान खाली गेली. मी काय केलं होतं म्हणून माझी मान खाली गेली, ते मला आजही सांगता येत नाही. लहानपणापासून मानेला सवयच ती.

हे नगरात घडलं. झेंडे लागलेल्या, स्वातंत्र्य मिळालेल्या नगरात. म्हणून मुद्दाम सांगते.

आमचं गाव आष्टीकडचं, निजामाच्या राज्यातलं. इकडचे लोक त्या मुलखाला मोगलाई म्हणत. नगर तसं लांब नाही, पण राज्य दुसरं, नाणं दुसरं, मधे नाका. इकडं इंग्रज गेला आणि तिकडं रझाकारांच्या टोळ्या फिरायला लागल्या. गावंच्या गावं हद्द ओलांडून इकडं यायला लागली. ज्यांच्याकडं बैलगाड्या होत्या आणि नगरात पाहुणे होते ते आधी निघाले. आम्ही महार, वेशीबाहेरचे. आम्हांला कोणी सांगितलंसुद्धा नाही. एका सकाळी गावातून धूर निघाला नाही, तेव्हा आम्हांला कळलं की गाव गेलं.

सासूला चालवत नव्हतं. नवरा म्हणाला, "तू पोरं घेऊन फुडं जा. मी आईला घेऊन मागनं येतो."

"पलीकडं कुनाकडं जाऊ?"

"कुनाकडं कशाला? पलीकडं आता आपलं राज्य हाय."

आपलं राज्य! मी भोळी. मला ते खरं वाटलं.

कडेवर तान्हा, बोटाला भागू. निजामाच्या जकातीचा नाका टाळून ओढ्याओढ्यानं चालले. वाटेत एका बैलगाडीवाल्यानं आम्हांला वर घेतलं. गाडीत कडा गावची एक पाटलीण होती. तिची घागर फुटली होती. ती माझ्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी प्यायली. घटाघटा प्यायली, जात विचारली नाही. जिवाची भीती होती ना. चिचोंडी आली, हद्द मागं पडली, तशी ती अंग चोरून बसली. नगरात धर्मशाळेपुढं उतरलो तेव्हा तिनं मला ओळखही दाखवली नाही.

धर्मशाळेत आम्ही निर्वासित झालो. म्हणाले, थोडे दिवस राहा, मग आपापली सोय बघा. मी सोय बघायला निघाले. दारोदार तोच प्रश्न, "जागा मिळंल का?" आणि दारोदार तेच उलटे प्रश्न. नवरा कुठं आहे? पोरं केवढी? एका बाईनं माझ्या तान्ह्याकडं असं बघितलं की जणू तिच्या घरात उंदीर शिरतोय. "हे रात्रभर रडणार. आम्हांला झोप हवी." एकानं माझ्याकडचा निजामी हाली रुपया हातात घेतला आणि माझ्याच पायाशी टाकला. "हा तुझ्या निजामाला दे. इथं कलदार चालतो." माझा निजाम! ज्याच्या धाकानं पोरं घेऊन रानोमाळ पळाले, तो माझा झाला. आणि एवढ्यातून कोणी पुढं बोललंच, तर शेवटी जात. जात सांगितली की दार लागायचं.

महारवाड्यात का गेले नाही, असं कोणी विचारील. गेले होते. एकेका खोपटात दोन दोन बिऱ्हाडं. सगळी माझ्यासारखीच, मोगलाईतून आलेली. त्यांनी भाकरी दिली. जागा कुठून देणार?

मग मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, ब्राह्मण गृहस्थ. धोतर, उपरणं, डोकं उघडं. धर्मशाळेत येऊन बायाबापड्यांची चौकशी करायचे. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मोगलाईत तुमच्यावर फार जुलूम झाला हो." डोळ्यांत खरोखर पाणी होतं, खोटं कशाला बोलू. "आमच्या परसात एक खोली आहे. लेकुरवाळ्या बाई तुम्ही, उघड्यावर कुठं राहणार? भाड्याचं पुढं बघू."

त्यांनी जात विचारली नाही. पाटलीण आणि मी एकाच गाडीतून उतरलेल्या त्यांनी पाहिलं होतं, त्यावरून त्यांनी काय ते धरलं असेल. मी आपण होऊन सांगितलं नाही. त्यात माझं काही चुकलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्याला दुसऱ्याची जात लागते त्यानं विचारावी.

त्यांनी आम्हांला पुढच्या दारानं घरात नेलं. माजघरातून, देवघरावरून, परसात. खोली गोवऱ्या ठेवायची होती. मी गोवऱ्या रचून बाजूला केल्या, जळमटं काढली, भुई सारवली. तीन दगड मांडून चूल केली आणि भाकरी थापल्या. तान्हा भिंतीशी झोपला. त्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. आमच्या गावच्या घराला कडी कुठली? मी ती लावून बघायची, काढून बघायची, पुन्हा लावायची. स्वतःशीच हसले. वाटलं, नवरा म्हणाला ते खरं होतं. आता तो येईल, सासू येईल, आणि आम्ही माणसासारखे राहू.

दुपारी मास्तर सभेला निघाले. मोगलाईतून आलेल्या लोकांसाठीच सभा होती आणि मास्तर तिथं बोलणार होते. सभेसाठी म्हणून त्यांनी पेटीतून पागोटं काढून डोक्यावर चढवलं आणि मला तसं सांगायला परसात आले.

आमच्या गावात पागोटं म्हणजे पाटील, नाहीतर कुलकर्णी. पागोटं दिसलं की महाराच्या पोरानं बाजूला व्हायचं, कमरेत वाकायचं, हात मातीला लावायचा आणि जोहार घालायचा. पोर चालायला लागलं की त्याला पहिलं हे शिकवतात. भागूला तिच्या आजीनं शिकवलं होतं. ती इतकं गोड म्हणायची की पाटील तिच्या हातावर वरून गुळाचा खडा टाकायचा. तिला जोहार म्हणजे नमस्कारच वाटायचा. चांगल्या मुलीनं करायची गोष्ट. सकाळी मास्तरांचं डोकं उघडं होतं म्हणून ती नुसती बसून होती. आता तिला पागोटं दिसलं. ती खेळ टाकून उठली, वाकली, दोन्ही हात मातीला लावले.

"जोहार, मायबाप."

मास्तर जागीच थांबले. जोहार कोण घालतं हे निजामाच्या राज्यात ठाऊक होतं तसं इकडंही ठाऊक होतं. नाणं बदललं होतं, हे बदललं नव्हतं.

"अगं बाई!" म्हणून त्यांची बायको आत पळाली आणि चिमटा घेऊन आली. पुढचं मी सांगितलंच.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. शहाणा माणूस. उपरणं सावरलं, चार पावलं मागं सरले आणि म्हणाले, "आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

सकाळपासून मी 'तुम्ही' होते. आता 'तू' झाले.

"तुमी इचारलं न्हाई," मी म्हटलं.

"बरं. झालं ते झालं. लहान पोरं आहेत, मी काही राक्षस नाही. खोली देता येणार नाही. गोठ्याच्या मागं आडोसा आहे, तिथं राहा. भाडं नको. शेणघाण काढायची, परस झाडायचं, सांगू ते काम करायचं." मग त्यांनी भागूकडं बघितलं आणि चक्क हसले. "पोरीला मात्र वळण छान आहे. तुझ्यापेक्षा शहाणी. तिला आपली पायरी कळते. काय गं, रोज सकाळी अस्साच जोहार घालशील ना?"

भागूला वाटलं, आपलं कौतुक झालं. ती हसली आणि पुन्हा वाकायला लागली.

तेव्हा मला राग आला. इतका की डोळ्यांपुढं मास्तर दिसेनासे झाले. मी भागूचा दंड धरला आणि तिला उभी केली.

"सरळ उबी ऱ्हा. पुन्ना वाकायचं न्हाई. कुनाफुडंच न्हाई."

"पर आजी म्हनती..." ती रडवेली झाली.

"आजी म्हनती तरी न्हाई."

खोटं कशाला सांगू, मनात विचार आलाच. थंडीचे दिवस होते. आडोसा होता, जनावरांची ऊब होती. तान्ह्याची छाती घरघरत होती. एवढी स्वस्त जागा अख्ख्या नगरात मला कोणी दिली नसती. पण ती बिनभाड्याची नव्हती. भाडं होतंच, आणि ते माझ्या लेकीनं भरायचं होतं. रोज सकाळी, कमरेत वाकून, हसत हसत.

"जागा नगं," मी म्हटलं.

"पोरं घेऊन कुठं जाशील?"

"कुटंबी जाईन. मोगलाईत जुलूम झाला म्हनून तुमी रडला. हितं झाला त्याला काय म्हनायचं, ते सभेत सांगा."

आता मात्र मास्तर ओरडले. तोंड सांभाळ, म्हणाले. आणखी बरंच म्हणाले, ते मी इथं सांगत नाही, तोंड माझं विटाळेल. शेवटी परसाच्या मागल्या दाराकडं बोट केलं. "या बोळातून नीघ. निमूट."

मी खोलीत शिरले. "आत पाऊल टाकू नकोस!" बाई किंचाळली. मी सारवलेली भुई ती, अजून ओली होती. मी भाकरी फडक्यात बांधल्या, तान्ह्याला उचललं, भागूचा हात धरला आणि मागल्या दाराकडं न जाता पडवी चढले.

"अगं अगं, कुठं चाललीस? देवघर आहे!"

"सकाळी फुडच्या दारानं आनलं ना? मी फुडच्या दारानंच जानार."

आडवं यायचं तर मला शिवावं लागलं असतं. कोणी आडवं आलं नाही. देवघरावरून, माजघरातून, मी सावकाश चालत गेले. भागू देव बघायला थांबली, तिला बघू दिलं. पुढच्या दारात आले तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. त्यांच्यादेखत पायरी उतरले. मागं घर धुवायला किती पाणी लागलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

सभेला मी गेले नाही. मला तिथं कोणी बोलू दिलं नसतं आणि पोरं भुकेली होती. पिंपळाखाली बसून आम्ही भाकरी खाल्ल्या. तेवढ्यात एक पटकेवाला जवळून गेला आणि भागूची कंबर आपोआप वाकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढं किती तरी दिवस मी तिच्या पाठीवर हात ठेवून चालत होते. शिकवायला वेळ लागला नव्हता, मोडायला लागला.

रेल्वेच्या मालधक्क्यापलीकडं पडीक जागा होती. काटे, घाण, डुकरं. मी ती साफ केली. धक्क्यावर सांडलेलं धान्य झाडायचं काम मिळालं होतं, तिथून फाटकी पोती आणली, ओढ्यातून दगड आणले. पोरं निजतील एवढं खोपट उभं केलं. नवरा आला तो एकटाच, सासू वाटेत गेली. पुढं निजामाचं राज्य बुडालं आणि आमचं गाव परत फिरलं. पाटलाचा निरोप आला, घरं तशीच आहेत, या, महारकीची कामं अडली आहेत. नवऱ्याचं मन ओढ घ्यायला लागलं. "आपलं घर हाय तितं," म्हणाला.

"महारकी केली तवर ते आपलं," मी म्हटलं. "म्या येत न्हाई. पोरंबी येत न्हाईत. तुला जायचं तर जा." तो गेला नाही.

मग एक दिवस म्युनिसिपालटीचा मुकादम आला, दोन माणसं घेऊन. काठीनं खोपटाची पोती उचकटून बघितली.

"कोणाला विचारून बांधलंस गं हे?"

"कुनालाबी न्हाई."

"विचारायला नको?"

"लई इचारलं. अख्ख्या नगराला इचारलं. आता न्हाई इचारत."

"उद्या मोडतो बघ."

"मोडा. मी परवा पुन्ना बांधीन."

त्यांनी मोडलं. मी बांधलं. पुन्हा मोडलं, पुन्हा बांधलं, आणि दर वेळी पायाला आधीपेक्षा मोठे दगड घातले. त्यांना वाटलं, बाई दमेल. अजून वाट बघतायत.