आभाळ भरलं का?

फोटो स्टुडिओत फोटो फार दिवस राहत नाहीत, गिऱ्हाईक घेऊन जातं. मागे उरतात ते किस्से, आणि ते न्यायला कुणी येत नाही!

सत्तरच्या दशकात सांगलीला नानांच्या स्टुडिओत मी प्रिंटिंग करायचो. उन्हात काढलेल्या फोटोत माणूस नीट आला, की मागचं आभाळ हमखास पांढरंफटक. मग डार्करूममध्ये कागदावर उजेड पाडताना माणसावर आणि जमिनीवर हाताची सावली धरायची, अन् आभाळाला जादा उजेड द्यायचा. आभाळ करडं व्हायचं. याला आम्ही 'आभाळ भरणं' म्हणायचो. पांढरं आभाळ दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा नानांचा हट्ट.

*

आष्ट्याचा एक शेतकरी फोटोसाठी बाकावर बसला होता. नानांनी आत हाक मारली, "आभाळ भरलं का रं?"

"भरतंय! लय काळं व्हायला लागलंय!" मी आतून ओरडलो.

"आरं, माझी हळद उघड्यावर हाय!" म्हणत गडी बाजाराकडं पळत सुटला. बाहेर रणरणतं ऊन!

*

साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार मुलीकडं आले होते. त्यांच्या फोटोत डोंगराच्या कडेनं पांढरी रेघ उमटली. हात एकाच जागी धरला, की असं होतं. सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "आमच्या डोंगराला झालर कुणी लावली?"

नाना हसले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "हात हलता ठेव. थांबलास की दिसलास!"

*

पण एकदा नानांचाच हात चुकला. कोरेगावच्या एका मुलानं वारलेल्या वडिलांचा फोटो मोठा करायला दिला होता. आभाळ भरताना वडिलांची टोपीही काळवंडली.

"आबांनी जल्मात मळकी टोपी घातली न्हाई," मुलगा हळूच म्हणाला.

पुठ्ठ्याची इवलीशी टोपी कापून, ती सावलीला धरून नानांनी फोटो पुन्हा केला. मला त्यांचा फार आदर वाटला.

*

दुष्काळानंतरची गोष्ट. जतकडची एक बाई निगेटिव्ह घेऊन आली. मेंढरांचा कळप आणि पुढं तिचा नवरा. पाऊस नाही म्हणून तो मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी पश्चिमेकडं गेला, आणि तिकडंच तापानं वारला. निघायच्या सकाळी तिच्या फौजी भावानं हा फोटो काढला होता. नवऱ्याचा दुसरा फोटोच नव्हता. धाकटीनं तर बाप पाहिलाही नव्हता.

नानांनी फोटो स्वतः केला. कळपावर असं आभाळ आणलं, की आता सर येईल असं वाटावं. एवढं सुंदर काम मी त्यांच्या हातून पाहिलं नव्हतं.

बाईनं फोटो दोन्ही हातांत धरला. "त्योच हाय," म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. मग तिनं विचारलं, "आवं, ह्ये आभाळ कुठलं?"

"पांढरंफटक होतं, ताई. मी भरून घेतलं."

तिनं फोटोतल्या आभाळावरून बोट फिरवलं.

"तवा आसं भरलं असतं, तर त्यो गेला असता व्हय?"