तिकडचं महाग नेट

मिरजगावच्या हायवेवर पंक्चर काढणारे एक चाचा आहेत. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतानाही त्यांचं निम्मं लक्ष खिळ्याला टांगलेल्या मोबाईलकडे असतं. मुलगी कॅनडात नर्स आहे. तिच्यासाठी ते दिवसाचं नेट राखून ठेवतात, स्वतः एक व्हिडिओ पाहत नाहीत. रिंग वाजली की आधी साबणानं हात धुतात. बहुतेकदा फोन कंपनीचा निघतो.

"तिकडं नेट लई महाग हाय. आपल्यासारखं न्हाई," ते मलाच समजावतात.

माझा भाऊ कॅनडातच असतो. घरच्या वायफायवरून तो रोज आईशी पोटभर बोलतो.

काल ट्यूबला ठिगळ लावता लावता चाचांनी विचारलं, "खरंच एवढं महाग असंल का हो?"

"लई महाग, चाचा," मी म्हणालो.